दम आधी परत येतो, हाडं मागून: मॅरेथॉननंतर पुन्हा धावायला लागताना

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत धावून आलेले नाशिककर फेब्रुवारी लागला की पुन्हा गोल्फ क्लबवर, कृष्णनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गंगापूर रोडच्या कडेला दिसायला लागतात. हवा अजून गार असते, पाय मोकळे झालेले असतात, रेसचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून झालेले असतात. पहिले तीन-चार रन छान जातात. मग मार्चच्या सुरुवातीला यातलेच काहीजण नडगी किंवा टाच धरून फिजिओथेरपिस्टच्या दारात बसलेले असतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: "रेसमध्ये काही झालं नाही हो. आत्ता कुठे परत सुरू केलं, तर दुखायला लागलं."

हे दुखणं नशिबानं येत नाही. त्यामागे शरीराचा एक साधा हिशोब आहे आणि तो समजला तर बहुतेक वेळा ते टाळता येतं. विश्रांतीनंतर दम लवकर परत येतो. स्नायू त्याच्या मागून येतात, टेंडन त्याच्याही मागून आणि हाडं सगळ्यात शेवटी. पण "आज कसं वाटतंय" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देतो तो दम. हाड आधी काही कळवत नाही, एकदम दुखायलाच लागतं. त्यामुळे परत सुरू केल्यानंतरचा तिसरा ते सहावा आठवडा सगळ्यात जपायचा. नेमकं तेव्हाच सगळं उत्तम चाललंय असं वाटत असतं.

रेसनं शरीराचं काय केलं

फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. साडेचार तासांत ती पूर्ण करणारा माणूस मिनिटाला १६५ पावलं टाकत असेल, तर एकूण पावलं साडेचव्वेचाळीस हजारांच्या घरात जातात. धावताना पाऊल टेकतं तेव्हा वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. ७० किलोच्या माणसाला दर पावलाला १४० ते २१० किलो, आणि हे चव्वेचाळीस हजार वेळा.

यात मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम सगळ्यात कठीण. पाऊल टेकताना तो ताणला जात असतो आणि त्याच क्षणी त्याला जोरही लावायचा असतो, नाहीतर गुडघा मुडपून माणूस खाली बसेल. उतारावर हे काम आणखी वाढतं. मुंबईच्या रेसमधला पेडर रोडचा चढ सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना जीव जातो तो बराचसा उतारांमुळे. अशा ताणात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्यांच्या पेशींमधलं क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम रक्तात उतरतं, साधारण एका दिवसानं त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं आणि मूळ पातळीवर यायला आठवडाभर लागू शकतो. रेसनंतरच्या आठवड्यात दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तर यकृताच्या तपासणीतले एसजीओटीसारखे आकडेही वाढलेले दिसू शकतात, कारण ते एन्झाइम यकृताप्रमाणे स्नायूंमध्येही असतं. अशा वेळी डॉक्टरांना "मी रविवारी मॅरेथॉन धावलोय" हे आधी सांगावं, म्हणजे उगाच काळजी आणि जादा तपासण्या वाचतात.

दोन-तीन दिवस अंग आंबलेलं राहतं. नीट जेवलं तर स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, तेवढ्याच दिवसांत बराचसा भरून येतो. आठवड्याभरात जिना त्रास देत नाही. बहुतेकांच्या मते रिकव्हरी इथेच संपते. स्नायूची आतली डागडुजी मात्र आणखी एक-दोन आठवडे चालू असते, आणि टेंडन आणि हाडांचं काम तर आत्ता कुठे सुरू झालेलं असतं.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. टाचेमागचा अकिलीस हा त्यातला सगळ्यात मोठा. टेंडनला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा बराच कमी असतो, म्हणून त्याची दुरुस्तीही सावकाश होते आणि बळकटीही. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, टेंडनला महिने लागतात.

हाडाचं वागणं आणखी वेगळं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. हाड ही मेलेली, टणक वस्तू नाही. त्यात सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. जास्त भार पडला की आधी खास पेशी येऊन ताण बसलेला भाग काढून टाकतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. पाडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला साधारण तीन महिने. म्हणजे मोठ्या भारानंतर काही आठवडे असे येतात, की जुनं काढून झालेलं असतं आणि नवं पुरेसं भरलेलं नसतं. तेवढ्या काळात ते हाड आधीपेक्षा थोडं कमकुवत असतं. पुढे ते आधीपेक्षा मजबूत होतं, पण मधला काळ जपायला लागतो. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून मोजलं तर हा काळ फेब्रुवारीत येतो, म्हणजे बरोबर जेव्हा सगळे पुन्हा बूट घालतात तेव्हा.

मग दम इतक्या लवकर का परत येतो

धावणं थांबवलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, कमी व्हायला लागतो. रक्त कमी, म्हणून हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त ढकलतं आणि तेवढंच काम करायला जास्त ठोके देतं. दोन-तीन आठवड्यांनी पहिल्यांदा धावायला गेलं, की नेहमीच्या सावकाश वेगालाही घड्याळावर दहा-बारा ठोके जास्त दिसतात, ते यामुळे. चांगल्या सराव झालेल्या माणसानं तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं तर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण ४ ते ७ टक्क्यांनी उतरते. हा आकडा ऐकून कित्येकांच्या पोटात गोळा येतो. येऊ नये. कारण प्लाझ्मा जसा पटकन कमी होतो तसाच पटकन भरतोही. आठवडा-दोन आठवडे हलकं धावलं की ठोके खाली येतात, श्वास पुरायला लागतो, घड्याळ "फिटनेस सुधारतोय" म्हणून कौतुक करतं.

आणि इथेच माणूस फसतो. फिटनेस सुधारल्याचा तो निरोप रक्ताबद्दल आणि हृदयाबद्दल असतो. नडगीच्या हाडाबद्दल घड्याळाला काहीच माहीत नसतं. घड्याळानं सुचवलेला वेग, त्यानं मोजलेले रिकव्हरीचे तास, हे सगळं मुख्यतः ठोक्यांवरून काढलेलं गणित आहे. परत सुरू करण्याच्या काळात त्यावर विसंबून वेग वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किती थांबायचं

न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर यानं १९७४ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक मिळवलं. त्याच्या नावानं एक ठोकताळा जगभर वापरला जातो: रेस जितक्या मैलांची, तितके दिवस वेगाचा सराव आणि पुढची रेस नको. फुलचे २६ मैल, म्हणजे २६ दिवस. हाफचे १३. दहा किलोमीटरच्या रेसचे ६. या दिवसांत अजिबात धावायचं नाही असं तो सांगत नाही, जोर लावायचा नाही एवढंच सांगतो. ठोकताळा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, प्रयोगशाळेतून आलेला नाही, पण वर सांगितलेल्या हाडाच्या हिशोबाशी तो बऱ्यापैकी जुळतो.

पूर्ण विश्रांती किती? फुलनंतर साधारण दहा ते चौदा दिवस धावणं बंद, हाफनंतर पाच ते सात. चालणं मात्र तिसऱ्या दिवसापासून चांगलं. सायकल आणि पोहणं आठवड्यानंतर, हलक्या हातानं. नाशिकमध्ये सायकलवाले मित्र पुष्कळ आणि रविवारी त्र्यंबकला चलण्याचं आमंत्रणही हमखास येतं. जायला हरकत नाही, पण मित्रांच्या वेगानं नको. सायकलवर हाडांना धक्के बसत नाहीत हे खरं, पण मांडीचे स्नायू तेच असतात.

विश्रांतीच्या काळात खाणं कमी करायची चूक फार जण करतात. "धावत नाही तर कशाला खायचं" हा विचार. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. माल निघाल्यावर एप्रिलच्या खरड छाटणीआधी तो बागेला विश्रांती देतो, पण त्या दिवसांत पाणी आणि खत तोडत नाही, कारण मालानं वेलीतला साठा ओढून नेलेला असतो. शरीराचंही तेच. डागडुजीला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला साधारण दीड ग्रॅम रोज. ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. एका वाटी वरणात एवढं मिळत नाही. मटकीची उसळ, दही, पनीर, अंडी, चिकन, सोयाबीन असं जे घरात चालत असेल ते दिवसाच्या तिन्ही जेवणांत वाटून घ्यावं लागतं. झोपेबद्दल वेगळं लिहीत नाही. पहाटे साडेचारला उठायची सवय असलेल्यांनी तीन आठवडे तरी सहापर्यंत झोपावं.

एक गोष्ट मनापासून वाटते म्हणून लिहितो. जानेवारीत मुंबई आणि लगेच फेब्रुवारीत दुसऱ्या शहरात फुल, हे चलन वाढलंय आणि ते मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हिनं फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं आणि रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन ती धावली ऑगस्टमध्ये. मध्ये सहा महिने होते. एलियुड किपचोगेसारखा धावपटू त्याच्या ऐन भरात वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावायचा. ज्यांचं आयुष्यच धावणं आहे त्यांना इतकी मोकळीक लागते, तर नोकरी, घर आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून धावणाऱ्यांना एका महिन्यात दोन फुल कशा झेपतील?

सुरू करण्याआधी तीन तपासण्या

घरीच करता येतात. खुर्चीत बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून गुडघ्याकडे, अंगठा दाबत न्या. चार-पाच इंचांच्या पट्ट्यात थोडं थोडं सगळीकडे दुखलं तर हाडाला चिकटलेल्या भागाची ती जळजळ असण्याची शक्यता जास्त, ज्याला धावणारे शिन स्प्लिंट म्हणतात. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा गेला की कळ येत असेल, तर धावणं सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी तपासणी जिन्यावर. पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहा, टाच अधांतरी, हात भिंतीला फक्त टेकवलेला. सावकाश वर जा, क्षणभर थांबा, तीन मोजत टाच पायरीच्या खाली उतरवा. दोन्ही पायांवर किती होतात ते मोजा. निरोगी माणसाला पंचवीसच्या आसपास जमायला हवेत. रेसनंतर बऱ्याच जणांची पोटरी पंधरालाच थरथरायला लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसतो. ज्या पायाचे पाच-सहा कमी, त्याच बाजूचा अकिलीस किंवा टाच नंतर बोलते. पोटरीतला आतल्या बाजूचा सोलियस नावाचा स्नायू धावताना शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर झेलतो, त्यामुळे ही तपासणी कधी टाळू नये.

तिसरी: दुखऱ्या वाटणाऱ्या पायावर दहा उड्या. दुखलं तर थांबा. अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी काही जाणवत नसेल आणि या तिन्हींत काही निघालं नसेल, तर बूट घाला.

पहिले आठवडे

समजा रेसआधी तुम्ही आठवड्याला ५० किलोमीटर धावत होता. परतीचा पहिला आठवडा तीन दिवसांचा, मध्ये एकेक दिवस सोडून, दर वेळी २० ते ३० मिनिटं. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. हो, चालणं. आठ-दहा वर्षं धावणाऱ्यालाही यात कमीपणा वाटायचं कारण नाही. चालण्याच्या त्या मिनिटात तेच तेच धक्के थांबतात आणि थकून पाऊल बिघडायच्या आत पाय सावरतो. आठवड्याची बेरीज साधारण ८ ते १२ किलोमीटर होईल. दुसऱ्या आठवड्यात चौथा दिवस जोडा, बेरीज २० पर्यंत. तिसऱ्यात चालण्याचे तुकडे कमी करत २५. चौथ्या आठवड्यात वाढवू नका, उलट थोडं खाली या, कारण वर सांगितलेला हाडाचा नाजूक काळ याच सुमाराला असतो आणि याच सुमाराला हात शिवशिवत असतात. मग पाचव्यात ३०, सहाव्यात ३५. पन्नासपर्यंत पोचायला आठवा-नववा आठवडा उजाडला तरी काही बिघडत नाही. हाफ धावलेल्यांनी यातले दोन-तीन आठवडे वजा करावेत.

वाढवण्याचा क्रम पाळा: आधी दिवस, मग प्रत्येक दिवसाची मिनिटं, मग लाँग रन, मग वेग, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट वाढवायची.

वेग किती असावा? शेजारी धावणाऱ्याला न अडखळता दोन-तीन पूर्ण वाक्यं सांगता आली पाहिजेत. शब्द तुटायला लागले की वेग जास्त. रेसच्या वेगापेक्षा किलोमीटरला मिनिटभर सावकाश, असं ढोबळ मानानं धरता येईल, पण पहिल्या पंधरवड्यात वेग बघूच नका. घड्याळावर फक्त वेळ दिसेल असा पडदा लावून ठेवा. या काळात ग्रुपबरोबर धावणं अवघड जातं, कारण ग्रुपमधल्या ज्यांनी रेस केलीच नाही ते ताजेतवाने असतात आणि त्यांच्या पायाला पाय लावताना सावकाश इझी रनचा कधी टेम्पो, म्हणजे जोर लावून धावलेला रन, होतो ते कळत नाही. एखादा सावकाश धावणारा सोबती निवडा आणि बाकीच्यांना नंतर चहाला भेटा.

आता दहा टक्क्यांच्या नियमाबद्दल, कारण तो सगळ्यांनाच पाठ असतो. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा तो नियम. ऐकायला शहाणपणाचा, पण १२ किलोमीटरच्या आठवड्यात दहा टक्के म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि ६० च्या आठवड्यात ६. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला २००८ च्या सुमारास नवशिक्या धावणाऱ्यांचे दोन गट करून हे तपासलं गेलं. एका गटाला दहा टक्क्यांच्या बेतानं १३ आठवड्यांचा सावकाश कार्यक्रम, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, साधारण पाचांत एकाला. २०२५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांवर केलेला अभ्यास आला, तो जास्त कामाचा आहे. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका रनची लांबी महत्त्वाची ठरली. मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा एखादा रन दहा टक्क्यांहून जास्त लांब गेला, की दुखापतीची शक्यता वाढते, आणि दुप्पट केला तर खूपच वाढते.

परतणाऱ्याला हे दोन प्रकारे लागू होतं. पहिला महिना संपेपर्यंत तुमच्या ३० दिवसांत ती मॅरेथॉनच बसलेली असते, म्हणजे कागदावर काहीही धावायला मोकळीक दिसते. ती मोजूच नका, रेस वगळून नंतरचे रन धरा. आणि दुसरं, आठवडाभर पाच-पाच किलोमीटर धावून रविवारी "आज बरं वाटतंय" म्हणून सोमेश्वरच्या पुढे गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणं, हाच तो रन, ज्याच्यानंतर आठ-दहा दिवसांनी नडगी दुखायला लागते. सहावरून साडेसहावर, साडेसहावरून सातवर, असंच जा.

नाशिकचे रस्ते आणि नाशिकचं ऊन

मुंबईहून परतणाऱ्याला नाशिकमध्ये दोन गोष्टी वेगळ्या भेटतात. पहिली जमीन. डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं धावलं तर एक पाय सतत थोडा खाली पडतो. सुरुवातीचे आठवडे मैदानावरच्या सपाट फेऱ्याच बऱ्या, आणि फेऱ्यांची दिशाही दर वेळी बदलावी. गोदाकाठच्या मातीच्या वाटा मऊ म्हणून चांगल्या वाटतात, आणि आहेतच, पण उंचसखल जागी थकलेला घोटा पटकन मुरगळतो. पांडवलेणी किंवा चामरलेणीच्या पायऱ्या, रामशेजची उतरण, हे सहाव्या आठवड्यानंतर. चढताना फक्त दम लागतो, पण उतरताना मांडीला पुन्हा तोच रेसमधला मार बसतो.

दुसरं ऊन. नाशिकची फेब्रुवारीतली पहाट स्वेटर मागते आणि मार्चच्या मध्यापर्यंत दुपार पस्तिशीकडे गेलेली असते. एप्रिलमध्ये चाळिशी जवळ येते. म्हणजे तुम्ही सराव वाढवत नेता त्याच आठवड्यांत उष्माही वाढत जातो. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. "फिटनेस येतच नाहीये" अशी मार्चमधली तक्रार बरेचदा उन्हाची असते. उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्या दिवसांत वेगाचा आग्रह सोडून मिनिटं मोजावीत. शिवाय मुंबईत घाम निथळताना दिसतो. इथली हवा कोरडी, घाम अंगावरच वाळतो आणि काही गेलंच नाही असं वाटतं. धावण्याआधी आणि नंतर, कमी कपड्यांत, एकदा वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं.

दुखलं तर

सगळं दुखणं सारखं नसतं. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतचं, धावताना न वाढणारं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जाणारं दुखणं चालवून घेता येतं. धावताना वाढत जाणारं, चाल बिघडवणारं किंवा सकाळी पहिलं पाऊल टेकताना कालच्यापेक्षा जास्त असलेलं दुखणं म्हणजे दोन-तीन दिवस थांबायचा निरोप. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, एका बोटानं दाखवता येणारी जागा, उडी मारताना कळ, ही हाडाच्या बारीक तड्याची, स्ट्रेस फ्रॅक्चरची चिन्हं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तो तडा बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो. एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा धावायला लागणं आणि मग तीन महिने बसून राहणं, असं पुष्कळांचं होतं. मांडीच्या सांध्यात खोलवर, जांघेत दुखत असेल तर धावणं बंद करा आणि डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नका.

दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाणं तर कधीच नको. एक म्हणजे शरीराचा निरोप बंद होतो, आणि दुसरं म्हणजे घामानं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर ते स्नायूचं नाही असं धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. छातीत दुखणं, धावताना घेरी येणं, हेही तसंच.

बायकांनी दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावं. सरावाच्या महिन्यांत पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर शरीराला पुरेसं खाणं मिळत नाहीये आणि हाडांची भर थांबलेली असू शकते. "ट्रेनिंगमध्ये होतंच असं" म्हणून ते सोडून देऊ नका. दुसरं लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, फेरिटिन, खाली गेलेलं असू शकतं, आणि विश्रांती घेऊनही पाय जड राहण्याचं ते एक फार सामान्य कारण आहे. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

वेग कधी

चौथा हलका आठवडा निर्धास्त गेला, की पाचव्यात इझी रनच्या शेवटी चार-सहा स्ट्राइड घ्या: १५-२० सेकंद चटपटीत पण ताण न देता, मग दम पूर्ण परत येईपर्यंत चालणं. त्यानं पायांना वेगाची आठवण होते आणि भारही थोडकाच पडतो. सहाव्या-सातव्यात एक छोटा टेम्पो, दहा मिनिटांचा. इंटरव्हल, म्हणजे मध्ये विसावा घेत जोरात धावायचे तुकडे, आठव्यानंतर. या सगळ्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटं, पायरीवरचे ते चवड्यांचे व्यायाम, एका पायाचे स्क्वॉट आणि ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) चालू ठेवा. धावणं वाढलं की पहिल्यांदा हेच गळतं, म्हणून ते इझी रनच्या दिवशीच, घरी आल्या आल्या, बूट काढायच्या आत उरकावं.

पुढची रेस ठरवायची असेल तर फेब्रुवारीपासून मोजत जा. आठ-नऊ आठवडे परत यायला, म्हणजे एप्रिल. मे महिना उन्हात फक्त टिकवून ठेवायचा, पहाटे उठून, लांबी न वाढवता. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर हवा उतरते आणि तिथून बारा-चौदा आठवड्यांत सप्टेंबरच्या आसपासच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी निवांत होते. एप्रिलमध्येच एखादी हाफ खुणावत असेल तर नाव नोंदवा, पण ती इझी रनच्या वेगानं, टायमिंगचा विचार न करता धावा, आणि त्याआधी बारा-तेरा किलोमीटरचा रन न दुखता झालेला नसेल तर त्यात दहाचीच निवडा.